पान्यांचा वारस

अमरावतीत अंबागेटच्या आत आमच्या मामांचे घर. घरात देवघरे दोन. एक मामीचे आणि दुसरे पडवीतले, मामांचे! त्या दुसऱ्या देवघरात 1942ची बी. एस. ए. एम-20 उभी असे. महायुद्धात इंग्रजी फौजेसाठी घडलेली ही मोटारसायकल हात बदलत बदलत मामांकडे आली होती. मामांची नोकरी कारकुनाची. पण रविवारी जुना सदरा चढवून ते भिंतीवरचे पाने उतरवू लागले, की त्यांना हाक मारायची कुणाची छाती होत नसे. दसऱ्याला एकेका पान्याला हळदकुंकू लागे.

गेल्या वर्षी मामा गेले. गाडीला अकोल्याचा एक तरुण गिऱ्हाईक लगेच मिळाला. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला परिवहन कार्यालयात नमुना 31 असतो. तो मामीने भरला आणि मग गाडी विकली. पान्यांसाठी मात्र कोणत्याच कचेरीत नमुना नाही. म्हणून मी भंगारवाल्याला बोलावले. माझा जन्म पाने उलटण्यात गेला खरा, पण ती पुस्तकांची! पहिली गोणी काट्यावर चढली आणि लोखंडाच्या भावाने गेली.

दुसरी जायची, तोच अकोल्याहून फोन आला. "सर, बोल्ट निघत नाही. तेराचा पाना बसत नाही, चौदाचा नुसता फिरून कोपरे झिजवतो. मामांचे पाने आहेत का हो?"

रविवारी गोणी घेऊन एस. टी.त बसलो. बडनेरा मागे पडले, पुढे लोणी आले. लोणी ते माना या टप्प्यात 2022च्या जूनमध्ये 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम झाला होता. अशा रस्त्यावरून, पायाशी जुने लोखंड खडखडवीत, मी मूर्तिजापूर ओलांडून अकोल्याला पोहोचलो.

गाडी एका म्हाताऱ्या फिटरच्या टिनाच्या शेडमध्ये होती. त्यांचा जन्म जिनिंगमध्ये गेलेला. गोणी उघडताच त्यांनी एक पाना धोतराला पुसला.

"हे व्हिटवर्थ हायेत जी, मास्तर. याच्यावर बोल्टाची जाडी लिवली रायते, तोंडाचं माप नाई."

जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली आट्यांचे हे माप ठरविले. पाव इंच लिहिलेल्या पान्याचे तोंड अर्ध्या इंचाहून थोडे मोठे असते. मिलिमीटरचे पाने तिथे फसतात. पण कापसाच्या फिटरला हे कसे ठाऊक? 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. पुढे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांची यंत्रे जिनिंगांत आली, ती हेच बोल्ट घेऊन. बी. एस. ए. कंपनीची स्थापनाही 1861चीच. मामांची गाडी आणि या म्हाताऱ्याचा जिन एकाच घराण्यातले निघाले!

बोल्ट एका झटक्यात निघाला. मग फिटर गोणीत हात घालून काही शोधू लागले.

"मॅग्नेटोचं चाक काढाचा पुलर कुठी हाय? बोटाएवढा, मधात स्क्रू?"

मला तो आठवला. पहिल्या गोणीत तो मीच टाकला होता.

"किलोवर गेला का? जाऊ द्या, टर्नरकडून करून घेऊ," ते म्हणाले. ते रागावले असते तर बरे वाटले असते. निघताना त्यांनी एवढेच सांगितले, "मामीले म्हना, दसऱ्याले पूजा होईन."

दसऱ्याला फोटो आला. फळीवर ओळीने पाने, प्रत्येकाला कुंकू, वर झेंडूची माळ. मामीने चष्मा लावला आणि बोटाने एकेक पाना मोजीत ती बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली,

"सारे आहेत रे. फक्त मॅग्नेटोचा पुलर दिसत नाही."

मामीला एकूण एक हत्याराचे नाव ठाऊक होते. विचारले मात्र आम्ही कुणी नव्हते.