झोपेचे सोंग

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, ही म्हण मी गेली अनेक वर्षे वर्गातील फळ्यावर लिहीत आलो आहे. तिचा खरा अर्थ मात्र वयाच्या छप्पनाव्या वर्षी मला एका लॅपटॉपने शिकविला. तो शिकता शिकता घरातील एका निरपराध मुलाला मी अपराधी ठरविले, याची बोच मनातून अजून गेलेली नाही.

आमचे बिऱ्हाड बेगम बाजारात, भांड्यांच्या दुकानांमागील एका गल्लीत, तीन पिढ्यांपासूनचे. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पदविकेच्या शिक्षणासाठी भैंशाहून आमच्याकडे राहावयास आला आणि त्याच सुमारास शाळेच्या कामासाठी मी नवा लॅपटॉप घेतला. रात्री काम आटोपले की झाकण मिटावे व निजावे, हा माझा क्रम. झाकण मिटले की यंत्रही झोपते, असे दुकानदाराने सांगितले होते; त्यापलीकडे चौकशी करण्याचे मला प्रयोजन वाटले नाही.

परंतु रात्री नव्वद टक्के भरलेली बॅटरी सकाळी पस्तीस-चाळीसवर आलेली दिसू लागली. एके दिवशी तर वरिष्ठांच्या बैठकीत दहावीच्या विद्यार्थ्यांची यादी दाखवावयाची असता यंत्राने डोळेच उघडले नाहीत. चारचौघांत खाली मान घालून मी घरी आलो आणि तो सारा राग भाच्यावर काढला. “रात्री आम्ही निजलो की चोरून सिनेमे पाहतोस? याचसाठी पाठविले का तुला आईने?”

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो कॉलेजातून परस्पर अफजलगंजच्या ग्रंथालयात जाऊन बसू लागला; घरी यावयाचा तो केवळ जेवण्यापुरता. आठवड्याने आमची सौभाग्यवती म्हणाली, “अहो, पोरगं वसतिगृहात जागा शोधतंय. वन्संना काय सांगायचं आपण?”

ते वाक्य माझ्या जिव्हारी लागले. आपण शिक्षा सुनावली, पण पुरावा कोठे आहे, असे मनाने विचारले. त्या रात्री मी बॅटरीचा आकडा वहीत टिपला : ९१. लॅपटॉप लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावले आणि किल्ली उशाखाली घेऊन निजलो. सकाळी कपाट उघडले, तो आकडा होता ३८. आणि यंत्र हाताला चक्क कोमट लागत होते! कुलूपबंद कपाटात शिरून सिनेमा पाहणारा भाचा जगात नसतो.

मी तसाच त्याच्या खोलीत गेलो. “चुकलो मी. तुझ्यावर उगीच आळ घेतला,” एवढेच म्हणालो. क्षणभर थांबून तो म्हणाला, “मामा, तुम्ही विचारलं असतं, तर मी त्याच दिवशी शोधून दिलं असतं.”

त्याने प्रशासकाच्या अधिकाराने एक काळी चौकट उघडली आणि तीत ‘पॉवरसीएफजी’, मोकळी जागा, तिरपी रेघ व ‘स्लीपस्टडी’ अशी अक्षरे लिहिली. यंत्राने आपल्या मागील तीन दिवसांच्या निद्रेचा अहवालच सादर केला : झाकण केव्हा मिटले, किती वीज गेली, कोण जागे राहिले. आमच्या प्रकरणी वाय-फायला चालविणारे जुने सॉफ्टवेअर रात्रभर जागत होते.

त्याने समजाविले ते मी बेगम बाजाराच्या भाषेत सांगतो. पूर्वीच्या लॅपटॉपची झोप म्हणजे दुकान बंद, दिवे बंद, फक्त पहारेकरी जागा. यंत्राची तात्पुरती स्मृती टिकविण्यापुरतीच थोडी वीज लागे. २०१२ साली आलेल्या ‘विंडोज ८’पासून झोपेचा एक नवा प्रकार सुरू झाला. त्यात फडताळ ओढलेले असते, पण आत मुनीमजी दिवा मंद करून बसलेले. टपाल येते, निरोप घेतले जातात, म्हणून झाकण उघडताच यंत्र तत्काळ हजर. सोय चांगली, परंतु आतील एखादा नोकर स्वस्थ न बसला, की विजेचा मीटर रात्रभर फिरत राहतो. बंद पिशवीत ठेवलेले यंत्र तापते, तेही यामुळेच.

यावर उतारा ‘हायबरनेट’चा. यात मुनीमजी दिवसाचे सारे व्यवहार खतावणीत उतरवून, दिवा मालवून, घरी जातात. म्हणजे स्मृतीतील मजकूर डिस्कवर लिहून यंत्र जवळजवळ पूर्ण बंद होते. सकाळी जागे होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, एवढेच. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, झाकण मिटल्यावर काय व्हावे, हे ठरविण्याची सोय असते. भाच्याने तेथे ‘हायबरनेट’ निवडले आणि वाय-फायचे सॉफ्टवेअरही नवे घातले. काही यंत्रांत हा पर्याय प्रथम दिसत नाही. त्याच काळ्या चौकटीत ‘पॉवरसीएफजी’पुढे तिरपी रेघ देऊन ‘हायबरनेट ऑन’ लिहिल्यास तो उपलब्ध होतो. त्या रात्री वहीत ९० लिहिले. सकाळी ८९ निघाले. एवढे करूनही बॅटरी उतरत असेल, तर ती म्हातारी झाली का ते पाहावे. ‘स्लीपस्टडी’च्या जागी ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहिले, की मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी दिसतात.

भाचा वसतिगृहात गेला नाही. बहिणीला फोन करून घडलेले सारे मीच सांगितले. ती हसली, पण क्षणभर गप्प राहून मगच हसली. ते गप्प राहणे माझ्या लक्षात आहे.

लॅपटॉपने झोपेचे सोंग घेतले, ते कोणीतरी तसे बनविले म्हणून. मी मात्र डोळे उघडे असून सोंग घेतले होते. विचारले असते तर कळले असते, पण विचारावयाचेच नव्हते. हल्ली शाळेत एखाद्या मुलाची तक्रार आली, की मी त्याला आधी समोर बसवितो आणि विचारतो, “काय झालं, ते तू सांग.”