चुका

आमच्या घरांत जेवणाचें टेबल आलें तें हौसेनें नव्हे. आईच्या गुडघ्यांनीं पाटाशीं असहकार पुकारला म्हणून. सारा जन्म पाटावर बसून जेवलेल्या तिला खुर्चीवरचें जेवण म्हणजे स्टेशनच्या फलाटावर उरकलेलें जेवण वाटे. नव्या, गुळगुळीत खुर्च्या पाहून ती अधिकच बुजेल, म्हणून मीं मुंबईच्या चोरबाजाराची वाट धरली आणि मटण स्ट्रीटवरून चार जुन्या सागवानी खुर्च्या घेऊन आलों. पाय भक्कम होते, पाठी रेखीव होत्या. बसायच्या जागा तेवढ्या बसल्या होत्या !

शेजारच्या गल्लींत खुर्च्यांना गाद्या बसवणारा एक वृद्ध कारागीर आहे. त्याला बोलावलें. त्यानें एक खुर्ची उलटी करून तिच्या पोटावर बोटांनीं टिचक्या मारल्या आणि सांगितलें, “खुर्चीमागें नऊशें रुपये, साहेब. कापड तुमचें.”

“नऊशें ! चार चुका ठोकायच्या त्याचे ?” मीं म्हणालों.

तो रागावला नाहीं. “मग तुम्हींच ठोका, साहेब,” एवढें बोलून त्यानें पिशवी उचलली.

रविवारीं मीं पहिली खुर्ची उताणी केली. खालचे चार स्क्रू सोडवतांच बैठकीची चौकट अलगद सुटली आणि काम वाटलें तितकेंच सोपें आहे असा मला भरंवसा वाटला. वरचें रेक्झिन काढलें, तों खालीं फोम. फोम ज्यापासून बनतो तें पॉलियुरेथेन १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शोधून काढलें. विज्ञानाचें तें अपत्य माझ्या बोटांखालीं भुगा होऊन पिवळ्या रव्यासारखें गळत होतें. त्याखालीं कोण्या एके काळचें फुलाफुलांचें कापड, आणि त्याच्याहि खालीं नारळाचा काथ्या. तो मात्र दाबला तर दबे आणि सोडला कीं पुन्हा वर येई. प्रत्येक मालकानें आधींच्या मालकाचें कापड न काढतां त्यावर आपलें चढवलें होतें ! फाटकें दुरुस्त करण्यापेक्षां झांकणें सोपें, हा मनुष्यस्वभाव खुर्चीच्या पोटांतहि दडलेला पाहून मला हंसूं आलें. त्या एका बैठकींतून मीं पकडीनें १३७ चुका उपटल्या. चार नव्हे, १३७. तेव्हां हंसूं थोडें कमी झालें.

पुढचें काम ऐकायला सोपें आहे. तळाशीं नवार उभी-आडवी विणायची, तीवर तरट, तरटावर काथ्या, काथ्यावर कापूस आणि शेवटीं कापड. परंतु नवार नुसत्या हातानें ताणली तर चार दिवसांत पुन्हा झोळी होते. लांकडाचा तुकडा टेकूसारखा लावून ती ओढावी लागते. कापड एका कोपऱ्यापासून ठोकूं लागलें तर तें तिरपें धांवतें. आधीं चारी बाजूंचे मध्य पकडावे, मग दोहींकडे सरकत जावें आणि कोपरे अगदीं शेवटीं घ्यावे. हें मला कळलें तें चौकडीच्या कापडाच्या रेघा दारू प्याल्यासारख्या झोकांड्या खाऊं लागल्यावर. सारें उपटून पुन्हा ठोकलें. आतां रेघा सरळ झाल्या, पण कोपऱ्यावरची घडी इतकी जाड झाली कीं बैठक खुर्चींत शिरेना. तीन खुर्च्यांना तीन रविवार लागले. डाव्या अंगठ्याचा रंग कापडाच्या जांभळ्या चौकडीशीं जुळूं लागला. आईनें तिन्ही खुर्च्यांवर क्रमानें बसून निकाल दिला, “अरे, पहिली कलते, दुसरी बरी आहे, तिसरी चांगली झाली. चौथी त्याच्याकडे ने.”

‘त्याच्याकडे’ म्हणजे कोणाकडे, हें तिनें सांगितलें नाहीं. त्या दिवशींचें माझें बोलणें तिनें आंतून ऐकलें होतें.

चौथी खुर्ची घेऊन मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलों. त्यानें कांहीं विचारलें नाहीं. मूठभर चुका तोंडांत टाकल्या आणि काम सुरू केलें. एकेक चूक ओठांवर येई, हातोडी ती उचली, आणि दोन ठोक्यांत ती बसे. डावा तळवा कापडावरून असा फिरे, जणूं झोंपलेल्या मुलाच्या पाठीवरून. पाऊण तासांत बैठक खुर्चींत गेली. मीं नऊशें रुपये मोजून दिले. माफीचे चार शब्द घरून जुळवून आणले होते. ते मात्र तोंडांतच राहिले.

“बाकीच्या तीन ?” त्यानें विचारलें.

“मींच केल्या.”

“आणा, पाहूं.”

मीं पहिली, कलती खुर्ची आणली. त्यानें ती उलटी केली, नवार दाबून पाहिली आणि मान डोलावली. “ताण चांगला आहे, साहेब. हा कोपरा तेवढा चुकला.” त्यानें कोपऱ्यावरच्या दोन चुका उपटल्या, आंतली जादा घडी कापून टाकली, कापड एका बाजूला ओढून त्याच दोन चुका पुन्हा ठोकल्या. खुर्ची सरळ झाली.

“ह्याचे किती झाले ?” मीं खिशांत हात घातला.

तो हंसला. “जाऊं द्या, साहेब. दोन चुकांचे कसले पैसे ?”