संपाची तयारी आणि ‘आपण’

दि. १२ मार्च २०२३, रविवार. गारगोटीतील एका सभागृहात सायंकाळी संघटनेची सभा होती. मंगळवारपासून, म्हणजे १४ मार्चपासून, राज्यातील शासकीय व निमशासकीय कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर जाणार होते. प्रमुख मागणी सर्वांच्या तोंडी होती : १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांनाही जुनी निवृत्तिवेतन योजना लागू करावी. सभेत भाषणे आणि घोषणा होणार, या अपेक्षेने आम्ही गेलो होतो. त्या झाल्याही. परंतु बराचसा वेळ गेला तो एका झेरॉक्स केलेल्या पानाच्या वाचनात. संपकाळात काय करावे व काय करू नये, याची ती यादी होती. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने ती ओळीओळीने, वर्गात धडा समजावून द्यावा तशी समजावून दिली.

हजेरीपटावर सही करू नये. पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापला जातो; पगारच झाला नाही तर हप्ता थकेल, म्हणून तेवढी रक्कम आधीच बाजूस काढून ठेवावी. किराणा दोन महिन्यांचा भरावा. घरात कोणी आजारी असल्यास औषधे आणून ठेवावीत. कारणे दाखवा नोटीस आल्यास ती स्वीकारावी, मात्र एकट्याने उत्तर लिहू नये. आणि शेवटची सूचना : घरच्या मंडळींना विश्वासात घ्यावे.

आम्ही मराठी शिकवतो. गद्याचे नमुने निवडताना अशा पानाकडे आमचे लक्ष कधी गेले नसते. त्या सायंकाळी मात्र ते गद्य आम्हांस भिडले. सभागृहात भीती होती आणि ती कोणी लपवत नव्हते. त्या पानाने भीती नाहीशी केली नाही, तिची कलमे पाडली. हप्ता, औषध, किराणा, नोटीस अशी तिला एकेक नावे दिली. नाव मिळालेल्या भीतीवर काहीतरी उपाय सुचतो, निनावी भीतीवर सुचत नाही.

घरी येऊन आम्ही वडिलांची वही काढली. १९७७ साली ते तहसील कचेरीत कनिष्ठ लिपिक होते. त्या वर्षी १४ डिसेंबरला राज्य कर्मचाऱ्यांचा तो संप सुरू झाला, जो ‘चोपन्न दिवसांचा संप’ म्हणून आजही ओळखला जातो. नेतृत्व र. ग. कर्णिक यांचे, मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, प्रमुख मागणी केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची. ५ फेब्रुवारी १९७८ पर्यंत तो चालला. वडिलांच्या वहीत त्याविषयी एकही मत नाही, आहे तो केवळ हिशेब. वाण्याकडील उधारी, दूध निम्मे केल्याची नोंद, वेदगंगेकाठच्या गावाहून आत्याने पाठवलेले तांदळाचे एक पोते. जानेवारीच्या मध्यावर ‘घड्याळ ठेवले’ एवढेच दोन शब्द व पुढे रक्कम. उत्तरायुष्यात वडिलांनी संपातील भाषणांच्या आठवणी कधी सांगितल्या नाहीत. कोणी काय दिले, ते मात्र अखेरपर्यंत त्यांना तोंडपाठ होते.

वहीची पहिली तारीख पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आदल्या दिवशी १३ डिसेंबर. १९४२ साली याच तारखेला गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी चढाई केली आणि सात जण हुतात्मा झाले. कोल्हापूर संस्थानातील ती कचेरी तेव्हा लोकांच्या दृष्टीने ‘त्यांची’ होती. पस्तीस वर्षांनी, त्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, गारगोटीच्या कचेरीतले लिपिक काम थांबवून बाहेर उभे राहिले तेव्हा सरकार ‘आपले’ झालेले होते. आपल्याच सरकाराविरुद्ध संप कसा करावा, याची नीट परिभाषा आपल्याला अद्याप सापडलेली नाही, असे आम्हांस वाटते.

पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील संघराज्य शासन ठप्प झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा ते झेरॉक्सचे पान पुन्हा आठवले. तेथे प्रकार उलटा आहे. काम कर्मचारी थांबवीत नाहीत. कायदेमंडळ वेळेत खर्चास मंजुरी देत नाही आणि शासनालाच कुलूप लागते. काहींना घरी बसवतात, काहींना बिनपगारी कामावर बोलावतात. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस हे चालले. त्यापूर्वीचा उच्चांक २०१८-१९ मधील ३५ दिवसांचा होता. आपल्याकडे राज्यघटनेने लेखानुदानाची सोय ठेवली आहे, शिवाय अर्थसंकल्पावर हरलेले मंत्रिमंडळ टिकत नाही. म्हणून हा प्रसंग ओढवत नाही. परंतु तेथील संघटना आपल्या सभासदांना जे सांगतात ते गारगोटीच्या पानाहून फार निराळे नाही : बचत मोजा, सावकारांना आधीच कळवा, कागद जपून ठेवा. २०१८ च्या डिसेंबरात तर तेथील कार्मिक खात्यानेच घरमालकास व देणेकऱ्यांस लिहावयाच्या पत्रांचे नमुने प्रसिद्ध केले होते. त्यांतील एकात भाड्याच्या बदल्यात रंगकाम वगैरे करून देण्याची तयारी दर्शविलेली होती, आणि त्यावर बरीच टीका झाली. त्या पत्रात ‘मी’ एकटा आहे, आणि आमच्या पानावरचा शब्द ‘आपण’ होता. सूचना साध्याच, पण सर्वनाम बदलले की त्यांचे बळ बदलते.

आता त्या सर्वनामाविषयी थोडेसे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचने दोन आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. इंग्रजी वा हिंदी ज्यांची भाषा आहे त्यांना हा भेद एका शब्दाने दाखविता येत नाही. शिवाय ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषीही आहे. ‘आपण संपात सहभागी व्हावे’ या वाक्याचा अर्थ ‘तुम्ही व्हावे’ असाही होतो आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून व्हावे’ असाही. संघटनेचे सारे गद्य या दुहेरी अर्थावर उभे असते. आदेश आणि सोबत, दोन्ही एकाच शब्दात.

त्या सभेत आमच्या शेजारी एक तरुण सहकारी बसला होता. तो तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास, तितके मानधन. हजेरीपटावर त्याचे नाव नाही. प्रश्नांची वेळ आली तेव्हा तो उभा राहिला. “सर, मी सही करायची नाही म्हणता, पण मला सही करायला पटच नाही. कॉलेज बंद राहिलं तर माझे अकरावीचे तास बुडणार. मी काय तयारी करू?” क्षणभर शांतता पसरली. मग उत्तर आले, “आपला प्रश्न वेगळा आहे. त्यावर स्वतंत्र विचार करू.”

या वाक्यातही ‘आपला’ होताच. पण तो केवळ आदराचा होता, त्यात सोबत नव्हती. सहकारी खाली बसला. त्याच्या हातातले पान त्याने चौपदरी घडी करून खिशात ठेवले.

आमची स्वतःची नेमणूक २००५ पूर्वीची. जुने निवृत्तिवेतन आम्हांस मिळणारच होते. दुसऱ्यांसाठी पगार सोडतो आहोत, याचे एक सूक्ष्म समाधान आमच्या मनात होते, हे येथे कबूल केले पाहिजे. त्या समाधानात आम्ही शेजारच्या माणसाला विसरलो. संप सात दिवस चालला आणि २० मार्चला मागे घेतला गेला. ते सात दिवस तो सहकारी एका गुऱ्हाळावर हिशेब लिहायला जात होता, हे आम्हांस पुढे कळले, तेही दुसऱ्याकडून. आमच्या तांदळाच्या डब्यात त्या वेळी दोन महिन्यांची बेगमी होती.

त्याच आठवड्यात राज्यात अनेक ठिकाणी अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. महसूल कर्मचारी संपावर असल्याने पंचनामे रखडले. आत्याचा मुलगा शेती करतो. त्याचे नुकसान झाले नव्हते, तरी त्याने फोन करून विचारले, “दादा, सत्त्याहत्तरला मामांना आमच्या घरून तांदूळ गेले. आज ज्याचं पीक झोपलंय, त्याच्याकडं कोण जाणार?” आम्ही मागणीचे न्याय्यपण सांगू लागलो. ते न्याय्य होते, आजही आहे असे आम्ही मानतो. आयुष्यभर राबलेल्या माणसाच्या म्हातारपणाचे गणित बाजाराच्या चढउतारावर सोडू नये, हे म्हणणे त्याला अमान्य नव्हते. त्याचा प्रश्न दुसराच होता आणि त्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पुढील घडामोडी वाचकांस ठाऊक आहेत. समिती नेमली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजनेस मान्यता दिली. जुनी योजना जशीच्या तशी परत मिळाली नाही, पण २०२३ पूर्वी जे बोलणेही अशक्य वाटत होते त्यातले काही पदरात पडले. संपाविना ते पडले असते असे आम्हांस वाटत नाही.

तरीही ते पान आम्ही वडिलांच्या वहीत ठेवले आहे आणि अधूनमधून वाचतो. वहीत देणाऱ्यांची नावे आहेत. वाणी, दूधवाला, आत्या. यांपैकी कोणीही संघटनेचे सभासद नव्हते आणि त्यांच्यावाचून चोपन्न दिवस निघाले नसते. पानावर सूचना आहेत, अशी नावे नाहीत. पुन्हा कधी अशी सभा झाली आणि मसुदा पाहण्यासाठी आमच्याकडे आला, तर शेवटी एक कलम घालावे असे मनात आहे : ज्यांचे नाव हजेरीपटावर नाही, त्यांच्या बुडालेल्या तासांचे मानधन आपण सर्वांनी वर्गणी काढून द्यावे.

ते कलम मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. त्या सहकाऱ्याचे बुडालेले तास किती, हे आम्ही अखेर त्यालाच विचारले. त्याने हसून विषय बदलला. तो आकडा अजून वहीत लिहायचा राहिला आहे.