पारावरची सिस्टर

या लिखाणात मैत्रिणींची नावं देत नाही. नाव न देताही माणूस किती सहज ओळखू येतो, ते मला महागात पडून कळलं.

मी कामशेतला राहते. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा हाताशी वेळ होता आणि डोक्यात रहस्यकथा. लहानपणी वाचनालयातून बाबूराव अर्नाळकर आणून वाचायचे. त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. पण झुंजार काय नि काळा पहाड काय, सगळे अंगापिंडानं मजबूत गडी. मला गुडघे दुखणारी म्हातारी हवी होती. ती कुणाच्या मागे धावणार नाही, बसल्या जागेवरून ओळखेल.

ती शोधायला लांब जावं लागलं नाही. संध्याकाळी आम्ही तिघी स्टेशनजवळच्या पारावर बसतो. एक आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेली नर्स. तिला सगळे सिस्टरच म्हणतात, मीसुद्धा. दुसऱ्या काकू. त्यांच्या घरची भाताची गिरणी होती. पुण्याहून लोकल आली की माणसं आमच्या समोरून जातात. “हा रक्त तपासून आला,” सिस्टर म्हणते. कशावरून? “कोपर दुमडून चाललाय बघ. आत कापूस धरलाय.” काकूंची नजर पिशव्यांवर. मूठभर तांदूळ हातात घेतला की इंद्रायणी नवा की वर्षाचा, हे त्या वासावर सांगतात. शिजल्यावर तर कुणीही सांगेल म्हणा, नवा गिचका होतो.

मला आयतंच मिळालं होतं. शिवाय मोठ्यांचे दाखले होतेच. शेरलॉक होम्सच्या मागे एडिंबरा इथले डॉ. जोसेफ बेल होते. समोर आलेल्या रोग्याचा धंदा ते न विचारता सांगायचे, आणि विद्यार्थी कॉनन डॉइल बघत बसायचा. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९२७ साली एका कथेतून आली. तिच्यात ख्रिस्तीच्या आजीच्या म्हाताऱ्या मैत्रिणींचा अंश होता. मग मी सिस्टर घेतली तर काय बिघडलं, असं मला वाटलं.

मी सिस्टर जशीच्या तशी उचलली. मे महिन्यातही काखेत छत्री. रबरबँड लावलेली वही. डावा पाय किंचित ओढत चालणं. कोकणातलं माहेर. इथवरही एकवेळ चाललं असतं. पण मला गुन्हा सुचत नव्हता. नोकरीत असताना एका घरात घडलेली गोष्ट तिनं मला फार वर्षांपूर्वी, एका पावसाळ्यात, दोघीच असताना सांगितली होती. ती मी घेतली. इथे ती पुन्हा सांगत नाही, एवढं शहाणपण आता आलंय. नाणे मावळातलं गाव काढून पवन मावळातलं टाकलं. सुनेची मुलगी केली. साल बदललं. त्या घरच्यांच्या तोंडचं एक वाक्य मात्र तसंच ठेवलं, कारण ते फार चांगलं होतं.

कादंबरिका एका दिवाळी अंकात आली. सिस्टरला मी आधी दाखवली नव्हती. तिला चकित करायचं होतं, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ती नको म्हणेल याची भीती होती.

कामशेतमध्ये पहिल्या आठवड्यातच ओळख पटली. छत्रीवरून लोक हसले, तीही हसली. पंधरा दिवसांनी तिला तळेगावहून फोन आला. त्या घरातल्या कुणाच्या हाती अंक पडला होता. छत्रीवरून सिस्टर ओळखली, सिस्टरवरून घर, आणि त्या वाक्यावरून खात्री. “आम्ही तुमच्यावर विश्वास टाकला होता,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

कादंबरीकार स्टीव्हन्सननं १८९३ साली समोआ बेटावर बसून होम्स वाचला आणि त्यात आपले जुने स्नेही बेल ओळखले. तिथून एडिंबरा कुठल्या कुठे. मी तर कामशेतची बाई छापून तळेगावात कळणार नाही असं धरून चालले होते.

सिस्टर पारावर यायची बंद झाली. काकू यायच्या, पण बोलायच्या फक्त भाताच्या भावाचं. दोन आठवडे मी सर्दीचं कारण सांगून घरातच बसले. मग सिस्टरच्या घरी गेले. तिनं चहा दिला. मी त्या घरी जाऊन माफी मागते म्हणाले. तशी ती ताडकन म्हणाली, “अजिबात जायचं नाही. तू गेलीस की खरं होतं हे गावभर होईल.” थोड्या वेळानं म्हणाली, “माझी छत्री घे, माझा पाय घे, बाई. पेशंटचं घेऊ नकोस. ते माझं नव्हतंच तुला द्यायला.”

पुस्तक काढायचं ठरत होतं, त्यातून ती कथा मी काढून घेतली. छापून गेलेला अंक परत घेता येत नाही.

मग ख्रिस्तीचं आत्मचरित्र पुन्हा काढलं. पहिल्यांदा मी सोयीचं तेवढंच वाचलं होतं. तिनं स्वच्छ लिहिलंय की मार्पल म्हणजे आपली आजी नव्हे. आजीकडून एकच गोष्ट घेतली. आजी स्वभावानं आनंदी, पण प्रत्येकाबद्दल वाईटातलं वाईट गृहीत धरायची, आणि बहुतेक वेळा तेच खरं निघायचं. एवढंच. ना घर, ना छत्री.

आता माझी म्हातारी पोस्टातून निवृत्त झालेली आहे. बघण्याची रीत सिस्टरची, नाक काकूंचं, आणि खोटं बोलणारा पकडायची सवय माझी, वर्गातली. गुन्हा मी घरी बसून रचते. वेळ लागतो. नव्या कथेत एक भाचा म्हणतो, मी गणपतीनंतर इकडे फिरकलोच नाही. म्हातारी त्याच्या पातेल्यातला भात बघते. भात नव्या इंद्रायणीचा आहे, आणि नवा तांदूळ काढणीनंतरच, म्हणजे दिवाळीच्या आसपास येतो. यात मी आधी घोळ घातला होता, भात झोडपल्याच्या दुसऱ्याच दिवशी शिजवला होता. काकू म्हणाल्या, “वाळवायचा कोण? कांडायचा कोण?”

हो, आता आधी वाचून दाखवते. पारावर नाही, सिस्टरच्या ओट्यावर. ती परत बोलायला लागली, पण नोकरीतलं काही सांगत नाही. मीही विचारत नाही. परवा चौथ्या पानावरच तिनं भाच्याला ओळखलं. मी म्हटलं, गुन्हेगार बदलते. बदललेला नाही.