गोमाईच्या काठी एक संध्याकाळ

आपल्यापैकी पुष्कळांनी म्हसावद पाहिले असेल ते तोरणमाळच्या वाटेवर. शहाद्याहून निघालेली गाडी इथे घटकाभर थांबते, चहा होतो, आणि पुढे राणीपूर मागे टाकून सातपुड्याच्या घाटाला लागते. थंड हवेची ओढ लागलेला माणूस या गावाकडे मान वळवून पाहत नाही. मी मात्र नोकरीनिमित्त या शिवारात बरीच वर्षे काढली. काळी कसदार जमीन, कापूस, पपई, केळी, ऊस आणि उत्तरेला डोंगराची निळसर भिंत. आज सांगायचे आहे ते शेतीचे नाही, एका संध्याकाळचे आहे. शेती त्यात शिरली, त्याला माझा इलाज नाही.

चैत्राचे दिवस होते. पपईच्या बागेत रोगट पाने पाहून मी निघालो, तर बांधावरचे एक म्हातारे भोईबाबा म्हणाले, "साहेब, रोज पानं बघता. आज पाणी बघायला चला." बाबांना मागे बसवून फटफटी प्रकाशाकडे घेतली.

प्रकाशाला गोमाई तापीला मिळते. केदारेश्वराचे देऊळ आहे, लोक या गावाला दक्षिण काशी म्हणतात. 1955 साली इथल्या टेकाडात उत्खनन झाले, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. एवढ्या पिढ्या इथेच का राहिल्या, ते पाण्याकडे पाहिले की कळते. घाटाजवळ बाबा थांबले नाहीत. देवाच्या दारात गळ टाकायचा नाही, असा त्यांचा नेम. गोमाईच्या काठाने वर जाऊन आम्ही एका डोहापाशी बसलो.

सामान म्हणाल तर काहीच नाही. बांबूची लवचीक काठी, केसासारखा बारीक तंगूस, लहानसा गळ, आणि तरंगायला ज्वारीच्या धाटाच्या गाभ्याचा तुकडा. डब्यात ओल्या मातीत गांडुळे. मी म्हटले, "बाबा, एवढ्या बारीक दोरीला मोठा मासा लागला तर?" ते हसले. जाड दोरी माशाला दिसते, बारीक दिसत नाही. पण बारीक दोरीला ओढाताण चालत नाही. मासा पळेल तिकडे पळू द्यायचा, काठी वाकू द्यायची, दमला की हळूच काठाला आणायचा. युरोपात समुद्राकाठी लोक असाच बारीक दोरीने संध्याकाळी ट्राउट धरतात. तो मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पुराला ओढ्याने चढणीचे मासे येतात, तशातलेच ते.

संध्याकाळच का? दुपारी तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, मासा खोल सावलीत बसतो. ऊन उतरले की किडे पाण्यावर पडू लागतात आणि तो काठाशी चरायला येतो.

तेवढ्यात काठाच्या लव्हाळ्याशी पाणी लालसर दिसले. पाहतो तर बोटाच्या पेराएवढ्या पिलांचा थवा, आणि त्यांच्याखाली काळीशार मरळ. ही जात पिलांची राखण करते. गळ समोर हलवला तर ती चवताळून तोंडात घेते, इतके ते सोपे. बाबांनी काठी उचलून दुसरीकडे टाकली.

मग म्हणाले, "तुमच्या म्हसावदच्या नाल्यात पण अशीच मरळ होती."

मला ठाऊक होते. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. कापसावर बोंडअळी पडली आणि आम्ही एंडोसल्फान सांगितले. त्या काळी ती शिफारसच होती. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. हजार लिटर पाण्यात अवघे काही मिलिग्रॅम गेले तरी मासा मरतो, असे ते औषध. फवारणीचे वेळापत्रक मी स्वतः चावडीच्या भिंतीवर लावले होते. पंप कुठे धुवावा, याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. लोकांनी तो जवळच्या पाण्यात धुतला. सकाळी नाल्यावर मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते, आणि बाबांची पोरे ते टोपलीत भरत होती. मी धावत जाऊन टोपली पालथी केली. बाबा तेव्हा मला काहीच बोलले नव्हते. आजही बोलले नाहीत, फक्त नाल्याचे नाव काढले.

आजची सायपरमेथ्रिनसारखी औषधेही माशाला तेवढीच घातक आहेत. म्हणून माझ्या सभेला येणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो: पंप तीनदा विसळा, ते पाणी त्याच पिकावर फवारा, ओढ्यात किंवा विहिरीजवळ सांडू नका. लोक म्हणतात, साहेबांचे हे पालुपद आहे. असू द्या.

धाटाचा तुकडा बुडाला तेव्हा अंधारत आले होते. काठी माझ्या हातात होती आणि मी अर्थातच ओढली. तंगूस तुटला. बाबांनी चकार शब्द न काढता दुसरा गळ बांधला. तासाभराने एक रोहू आला.

घरी पोहोचायला रात्र झाली. सौभाग्यवतीने पिशवीत डोकावून पाहिले. एकच होता, तोही वीतभर.