द्राक्षांच्या गावाला

आमच्या वसईकडच्या माणसाला नाशिक माहीत असते ते द्राक्षांच्या पेटीवरून. सांडोरहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आतले ते गाव, पण साठी उलटेपर्यंत मी पाहिले नव्हते. गुरे, विहीर आणि शिंपणे सोडून घराबाहेर पडणे म्हणजे काय, ते वाचक भगिनींना सांगायला नको. या फेब्रुवारीत मात्र मुलाने हट्टच धरला, आणि त्याला कारणही तसेच होते. आमच्या वाडीतल्या विहिरीचे पाणी उन्हाळा लागला की मचूळ होते. केळी पूर्वीसारखी पोसत नाहीत. जमीन विकता का, असे विचारणारे एजंट महिन्या-दोन महिन्यांनी दारात उभे असतात. मुलगा म्हणाला, "विकायची की ठेवायची ते मागाहून बोलू. फळाचे पैसे करणारी माणसे ते कसे करतात, ते आधी पाहून येऊ." आमच्या ह्यांना ते पटले.

पहाटे चारला आम्ही चौघे निघालो; सूनबाई आणि मी मागे, ह्यांची जागा पुढे. पारोळ-अंबाडीच्या रस्त्याने आग्रा रोडला लागलो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा तुकडा २०२५ साली खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण ह्यांना घाटच पाहायचा होता. घाट चढून गेल्यावर हवा एकदम बदलते. आमच्याकडे फेब्रुवारीतही अंगाला दमटपणा चिकटतो. इथे ओठ फुटतील अशी कोरडी थंडी. घोटीपर्यंत भाताची खाचरे दिसतात. नाशिक मागे टाकून दिंडोरीच्या अंगाला वळलो आणि दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू झाले.

दिंडोरीकडचे एक बागायतदार ह्यांच्या ओळखीचे. मुंबईच्या बाजारात दोघांची गाठ पडली होती. त्यांनी आम्हाला सरळ बागेतच नेले. खाली सावली, वर पाने आणि पानांखाली हाताच्या उंचीवर लोंबणारे घड. मला आमच्या जुन्या पानमळ्याची आठवण झाली. तसाच गारवा, तशाच सरळ ओळी. शुभवर्तमानातले द्राक्षमळ्याचे दाखले मी लहानपणापासून ऐकत आले, पण मळा आज प्रथम पाहिला.

मांडवाखालची सावली जेवढी गार, तेवढा त्यामागचा हिशेब तापदायक. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार व्हावी म्हणून, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळाची छाटणी. थंड देशांत हिवाळ्यात वेल पाने टाकून झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून कात्रीनेच तिला वळण लावायचे. फळछाटणीनंतर चार महिने डोळ्यांत तेल घालून बसायचे. पाऊस झाला की डाऊनी, ढग राहिले की भुरी. छाटणीच्या आधी-मागे फार पाऊस झाला तर घड जिरतात, म्हणजे जिथे घड यायचा तिथे नुसती तणावाच येते. ते बागायतदार म्हणाले, "मावशी, आमच्या बागेत पाऊस आला की आम्हाला घाम फुटतो." पावसासाठी आभाळाकडे बघणारे आम्ही, आणि पाऊस नको म्हणून बघणारे हे!

छाटणीच्या, विरळणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या येतात. लेकरेबाळे, भांडीकुंडी घेऊन महिनोन् महिने राहतात. बागेच्या कडेला ताडपत्रीखाली एक बाई भाकरी थापत होती. सकाळी आलेल्याला आणि दिवस कलता कलता आलेल्याला सारखीच मजुरी देणारा धनी दाखल्यात आहे. इथे टोळीचा दर एकराने ठरतो. द्राक्षाची पेटी उघडताना ही बाई कुणाला आठवते? मला तरी तोवर तिचा पत्ता नव्हता.

मुलाला मुख्य चौकशी करायची होती वाईनची. वाईनची द्राक्षे निराळी. लहान, जाड सालीची, बियांची. खायच्या द्राक्षाचे जेवढे लाड करावे लागतात तेवढे यांचे नाहीत, म्हणून खर्च कमी. किलोला दरही कमी, पण कंपनीशी करार असतो. आमच्या यजमानांनीही दोन एकर लावली होती. २००८ची मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांनंतर वाईनचा खप घसरला, आणि करार केलेल्या कंपनीने माल उचलला नाही. अशा कित्येक बागा तेव्हा निघाल्या. त्यांनीही कुऱ्हाड लावली. काही वर्षांनी शेजाऱ्याने दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा लावल्या, आणि त्याचे बरे चालले आहे. "कागद पक्का असतो, पण घेणारा पक्का हवा," असे ते म्हणाले, तेव्हा मुलाने मान खाली घातली. कराराचे नाव तो महिनाभर घेत होता.

दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणाजवळची सुला कंपनीची बाग पाहिली. त्यांची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, आणि २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण काढले. आता तिथे रविवारी जत्रेसारखी गर्दी. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षे आधी पिळून नुसता रस आंबवतात. तांबडीसाठी काळी द्राक्षे सालीसकट, कारण रंग सालीत असतो. पोलादी टाक्या थंड ठेवतात. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष लागते. ह्यांनी घोटभर चाखून तोंड वाकडे केले. मिस्साचा द्राक्षरस गोड असतो, एवढेच त्यांना ठाऊक! ऑस्ट्रेलियात बॅरोसा खोऱ्यात दीडशे वर्षांच्या वेली अजून फळतात, असे सूनबाईने वाचले होते. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षांत बाग थकते.

पण या प्रवासात जे खरे घडले ते रात्री, यजमानांच्या ओट्यावर. भाकरी, भरीत आणि ठेचा झाल्यावर मी आमच्याकडची सुकेळी काढली. राजेळी केळी पिकवून, सोलून, आठवडाभर उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची. वहिनींनी एक खाल्ले, दुसरे सासूबाईंना दिले आणि विचारले, "ही कुठल्या दुकानात मिळतात?" काय सांगणार? ती आता मोजक्या घरांतच होतात. राजेळीची लागवड उरली थोडी, आणि उन्हात राबायला माणूस नाही. यजमान म्हणाले, "आम्ही बेदाणा करतो तो याच विचाराने. ताजे फळ व्यापाऱ्याच्या दारात दोन दिवसांत पडते, वाळवलेले सहा महिने आपल्या घरात बसते." बोर्डीला चिकूचीही वाईन करतात, हे मुलाने तेव्हा काढले. ह्यांनी हात झटकला. "वाईन नको. आधी आईला काय येते ते विचार."

परतताना घाट उतरेपर्यंत मुलगा मला विचारत होता: राजेळीचे मुनवे कुणाकडे मिळतील, मचूळ पाणी तिला किती चालते, शंभर घडांची सुकेळी करायला माणसे किती लागतील. मला येत होते तेवढे सांगितले. मचूळ पाण्याचे उत्तर माझ्याजवळही नव्हते. पावसाचे पाणी विहिरीत सोडायचे त्याने ठरवले आहे. खर्चाचा अंदाज अजून यायचा आहे.

जूनमध्ये पंचवीस मुनवे लावले. त्यांतले चार गेले. परवा एजंट पुन्हा आला होता. ह्यांनी त्याला चहा दिला, आणि हो किंवा नाही काहीच न सांगता राजेळीच्या ओळी दाखवायला वाडीत घेऊन गेले.