दोन रिकाम्या जागा



दरवर्षी २५ फेब्रुवारीच्या सुमारास आमच्या इंदूरच्या धर्मग्रामातून एक बस देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला जाते. धन्यवादित सिस्टर राणी मारिया यांची समाधी तिथल्या चर्चमध्ये आहे. बसची सगळी व्यवस्था माझ्याकडे असते. नावे लिहून घेणे, पैसे गोळा करणे, म्हाताऱ्यांना पुढच्या जागा देणे आणि वाटेत खायला पोहे. हे काम मला आवडते. लोक कौतुक करतात, तेही आवडते. खोटे कशाला बोलू?

या वर्षी निघायच्या दोन दिवस आधी यजमान म्हणाले, "त्या दोघांना विचारू का?"

त्या दोघांना म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना आणि जाऊबाईंना. सात वर्षांपासून आमचे बोलणे नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा चार वर्षे मी त्यांचे सगळे केले. त्या गेल्यावर घराच्या वाटणीचा विषय निघाला आणि दीर चारचौघांत बोलून गेले, "वहिनींनी सेवा केली ती घरासाठी." तो शब्द माझ्या काळजात रुतून बसला.

मी वही मिटली आणि म्हटले, "बस भरली."

बस भरली नव्हती. दोन जागा रिकाम्या होत्या.

आपल्यापैकी अनेकांना सिस्टरांची कहाणी माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. त्यांचा जन्म १९५४ साली केरळमधल्या पुल्लुवळी गावी झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात त्या धर्मभगिनी झाल्या आणि १९९२ मध्ये उदयनगरला आल्या. तिथले आदिवासी शेतकरी सावकारांच्या कर्जात अडकलेले होते. सिस्टरांनी त्यांना बँकेची, सरकारी योजनांची वाट दाखवली, एकत्र यायला शिकवले. ज्यांचे त्यात नुकसान होत होते त्यांना हे खुपू लागले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरकडे निघाल्या असताना नाचनबोर टेकडीजवळ समुंदर सिंह नावाच्या तरुणाने प्रवाशांच्या डोळ्यांसमोर त्यांच्यावर चाकूने वार केले. तेव्हा त्या ४१ वर्षांच्या होत्या.

शिष्यत्वाची किंमत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर असे रक्त येते. खरे सांगते, त्यामुळे आपली सोयच होते. असा प्रसंग आपल्यावर येणार नाही, म्हणून ती किंमतही आपल्याला लागू नाही, असे मनातल्या मनात ठरवून आपण समाधीवर फुले वाहतो आणि घरी येतो.

पण या कहाणीचा पुढचा भाग मला कधीच सोपा गेला नाही. सिस्टरांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल त्याच संघात आहेत. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे धर्मगुरू समुंदरला तुरुंगात भेटत राहिले, त्याला पश्चात्ताप झाला, आणि २००२ मध्ये सिस्टर सेल्मींनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. ज्या हाताने बहिणीला मारले, त्याच हाताला. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. पुढच्या वर्षी तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा त्या घराने त्याला आत घेतले.

राणी मारियांनी प्राण दिला तो एकदाच. त्यांच्या माणसांनी मात्र वर्षानुवर्षे, थोडी थोडी करून किंमत भरली. आणि ही दुसरी किंमत माझ्या आवाक्यातली आहे, म्हणूनच मला तिची भीती वाटते.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले, तेव्हा मी स्वयंसेवक होते. दिवसभर पाणी वाटले, पाय सुजले. त्या रात्री वाटले होते, आज प्रभूसाठी काहीतरी केले. आता विचार करते तेव्हा जाणवते की माझी सगळी सेवा मी स्वतः निवडलेली होती. शुभवर्तमानात येशू सांगतो की बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. मीही हिशेब केला होता. वेळ देईन, पैसे देईन, पाय दुखवून घेईन. फक्त एक खोली कुलूप लावून ठेवली होती आणि तिची किल्ली प्रभूने मागू नये, एवढीच माझी अट होती.

या वर्षी बसमध्ये मी सर्वांत मागे बसले. शेजारच्या दोन रिकाम्या जागांवर कुणीतरी पोह्यांचे डबे ठेवले होते. नाचनबोरला बस थांबली, सगळ्यांनी जपमाळ म्हटली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. क्षमा मागणाऱ्या प्रार्थनेपाशी तर मी गप्पच झाले. समाधीपुढेही काही मागितले नाही. काय मागायचे ते ठाऊक होते, म्हणूनच मागितले नाही.

रात्री घरी आल्यावर यजमानांना खरे सांगितले. ते काही बोलले नाहीत, फक्त फोन माझ्यासमोर ठेवला. तीनदा नंबर लावला आणि कापला. चौथ्यांदा वाजू दिला.

पलीकडून आवाज आला, "बोला, वहिनी."

म्हणजे माझा नंबर त्यांनी पुसला नव्हता.

त्या शब्दाबद्दल त्यांनी माफी मागितली नाही. मीही तो विषय काढला नाही. जाऊबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, एवढेच. घराचा प्रश्न आहे तिथेच आहे आणि तो शब्द अजूनही दुखतो. रविवारी ते दोघे आमच्याकडे जेवायला येणार आहेत आणि आत्तापासूनच माझ्या पोटात गोळा आला आहे.

प्रिय वाचकांनो, हा प्रायश्चित्तकाळ आहे. गोड सोडणे, मांस सोडणे चांगलेच आहे. पण आपल्या वहीत आपण कुणाच्या नावापुढे "जागा नाही" असे लिहिले आहे, तेही एकदा पाहू या. आपली खरी किंमत बहुधा तिथेच लिहिलेली असते.

हे प्रभू, जी सेवा मला आवडते ती मी तुला दिली. जी नको वाटते तीही माझ्या हातून करून घे. आमेन.